मावळंगे बघून आलेला एक दाखवा

शुक्रवार : पुणे ते कोल्हापूर

"मावळणकर खेळून आलेले शंभर दाखवतो, मावळंगे बघून आलेला एक दाखवा," असं अण्णा दर हिवाळ्यात म्हणायचे. नेमबाजीत नॅशनल खेळायचं तर त्याआधी ज्या स्पर्धेतून पात्र व्हावं लागतं ती गणेश वासुदेव मावळणकरांच्या नावाची. लोकसभेचे ते पहिले सभापती, आणि १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्षही तेच. त्यांचं आयुष्य अहमदाबादेत गेलं, पण घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, देवरुखच्या बाजूचं. अण्णा कोल्हापूरचे, आम्हा नेमबाजांच्या रायफली मापात बसवून देणारे. आंबा घाट उतरला की जेवणवेळेपर्यंत पोचावं एवढंच अंतर, तरी कधी जाणं झालं नाही. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी ऐन वेळी कुणाची तरी रायफल बिघडायची. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. आता अडवायला कुणाची रायफल नव्हती, म्हणून या जानेवारीत आम्ही तिघं निघालो.

तिघं म्हणजे मी, आमचे पिस्तूलवाले काका आणि गाडी चालवायला माझ्याकडे शिकणारी कॉलेजातली पोरगी. काका बँकेतून निवृत्त झालेले, सगळी हौस पंचवीस मीटरच्या रेंजवर फेडलेली. आम्हा रायफलवाल्यांना ते 'झोपून मारणारे' म्हणतात. अण्णा त्यांना 'एका हातानं जेवणारे' म्हणायचे. पोरीनं अण्णांना फार तर दोन-तीनदा पाहिलं असेल, पण तिच्या रायफलीचं चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, त्यांनी कानशीनं घासून दिलेलं आहे. आमच्यात एवढ्यावर नातं लागतं.

खंबाटकीला ट्रकांची नेहमीची रांग होती. पुढे साताऱ्यापासून उसाच्या ट्रॉल्या. गाडीत गप्पा निघाल्या त्या गेलेल्या माणसांच्याच. नाशिकचे भीष्मराज बाम २०१७ मध्ये गेले. पोलिसातला मोठा अधिकारी, पण आमच्या पिढीला ते माहीत झाले ते मनाची तयारी करून घेणारे बामसर म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं संजय चक्रवर्ती सरांना नेलं. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, पुढे बिंद्रा आणि नारंग, एवढ्या सगळ्यांच्या घडणीत हात असलेला मुंबईचा माणूस. मग २०२५ च्या एप्रिलअखेर सनी थॉमस सर. केरळातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता १९९३ पासून २०१२ पर्यंत भारतीय संघाचे प्रशिक्षक राहिले. राठोडांचं अथेन्सचं रौप्य आणि बिंद्राचं बीजिंगचं सुवर्ण ही त्याच काळातली.

या तिघांवर वर्तमानपत्रांतून लिहून आलं, आणि ते यायलाच हवं होतं. अण्णांच्या जाण्याची बातमी कुठे येण्याचा प्रश्न नव्हता. ते शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवायचे. प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायचा प्रकार, खेळायचे, नॅशनलपर्यंत पोचायचे आणि तिथून रिकाम्या हातानं परत यायचे. मात्र मेडल घेऊन येणाऱ्यांच्या रायफलीला कुठे ना कुठे त्यांचा एखादा स्क्रू असायचा, एवढं मी खात्रीनं सांगते. (आणि त्या स्क्रूचे पैसे त्यांनी घेतलेले असायचे, हेही.)

कऱ्हाडला चहाला थांबलो. इथून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, हे पोरीला शाळेपासून माहीत होतं. त्याच हेलसिंकीत हरिहर बॅनर्जी नेमबाजीत उतरले होते, ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या पहिल्या नेमबाजांपैकी एक, हे तिला काकांनी सांगितलं. काकांना हे अण्णांनी सांगितलेलं. गोवा एक्सप्रेसमध्ये, मिरजेहून दिल्लीला जाताना, बर्थखाली साखळीनं बांधलेल्या रायफलींवर पाय ठेवून रात्रभर असल्याच गोष्टी चालायच्या.

संध्याकाळी कोल्हापुरात शिरलो. काकांनी अंबाबाईचं दर्शन उरकलं, पोरीनं तांबडा-पांढरा. मी लवकर झोपले.

शनिवार : उद्यमनगर

सकाळी नऊला वर्कशॉपवर. उद्यमनगरात शिरलं की आधी नाकाला कळतं: कटिंग ऑइल, तापलेलं लोखंड, कुठून तरी फाउंड्रीचा धूर. ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर उभी राहिलेली ही वस्ती. अण्णांचं मुख्य पोटही व्हॉल्व्हच्या कामावर चालायचं, रायफली हा जोडधंदा. वहिनींचं, अण्णांच्या बायकोचं, मत वेगळं. त्यांच्या मते व्हॉल्व्ह हा जोडधंदा होता.

"आलायसा व्हय? बसा, च्या ठेवतो," म्हणत त्यांनी खुर्च्यांवरचा कीस झटकला. लेथवर अण्णांच्या हाताखालचा कामगार व्हॉल्व्हचंच काम काढत होता. वर्कशॉप बंद पडलेलं नाही, हे बघून मला बरं वाटलं.

परवाना असलेली पॉइंट टू टू रायफल आता घरात नाही. माणूस गेला की परवानाही संपतो. वारसाला हत्यार पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं आणि मग आपल्या नावाचा परवाना काढायचा किंवा ते विकून टाकायचं. वहिनींनी जमा केली, कागद अजून फिरतायत. एका ठिकाणी त्यांना विचारलं म्हणे, "मालक स्वतः का आले नाहीत?" वहिनी म्हणाल्या, "बोलवा की, आलं तर मलाबी बरंच हाय."

उरली हवेची रायफल. साडेचार मिलिमीटरची, वीस जूलच्या आतली, त्यामुळे तिला परवाना लागत नाही. जुनी फाइनवर्कबाऊ ३००. उजव्या बाजूला लांब दांडी, ती ओढली की स्प्रिंग दबते. छर्रा सुटताना सगळी यंत्रणा स्टॉकमधल्या, म्हणजे लाकडी दस्त्यातल्या, रुळांवर किंचित मागे सरकते आणि झटका खांद्यापर्यंत पोचतच नाही. आता सगळे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर खेळतात, ही रायफल कधीच मागे पडली. पण सिलिंडरला मुदत असते, भरायला पंप किंवा टाकी लागते, आणि खेड्यातल्या शाळेत दोन्ही नसतं. "हिला फकस्त हात लागतो," अण्णा म्हणायचे.

ही कुणाला द्यायची, हे ठरवायला वहिनींनी बोलावलं होतं. त्यांनी रायफलीआधी एक वही समोर ठेवली. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात मिळते तशी. मला वाटलं उधारीची असेल. काही पानं तशी निघालीही, पण बाकी सगळी वही मापांची होती. प्रत्येक पानावर वर आद्याक्षरं, खाली वय, उंची, बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी मिलिमीटरमध्ये, चीकपीसची उंची, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) कितव्या खाचेत, कुठला डोळा बलवान. शेवटी एखादी ओळ शेरा. 'श्वास अडवून धरतो.' 'बाप मागे उभा राहतो, त्याला बाहेर काढणे.' 'जॅकेट भावाचं आहे, उसवून घ्यावे.' एका पानावर मी होते. माझी मापं, आणि खाली: 'मान पुढे. सांगून झाले. पुन्हा सांगणे.'

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती याच मानेमुळे. एनसीसीतून आलेली मी, उसनी रायफल, डायॉप्टरमधून, म्हणजे रायफलीवरच्या बारीक भोकातून, बघायला मान ताणून गाल टेकवायचे. शेजारच्या लेनवरचा हा अनोळखी माणूस स्पर्धा संपल्यावर ॲलन-की घेऊन आला आणि काही न विचारता माझं चीकपीस सैल करायला लागला. "अगं, मान बंदुकीकडं न्हेऊ नकोस, बंदूक मानेकडं आण." पुढे प्रशिक्षकांनी तेच मला आकृत्या काढून शिकवलं. चीकपीस डोळ्याच्या उंचीला बसलं तर मानेचे स्नायू सैल राहतात आणि प्रत्येक वेळी डोळा त्याच जागी येतो. मान ताणली की विसाव्या गोळीनंतर थरथर सुरू होते आणि माणूस दोष ट्रिगरला देतो.

गोड बोलणारा माणूस नव्हता तो. 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. ॲलन-की जागेवर न ठेवणाऱ्या पोरांवर असे ओरडायचे की बाजूच्या वर्कशॉपातलं काम थांबायचं. गाडीतून उतरणाऱ्या पुण्याच्या बापांना तिप्पट बिल लावायचे आणि त्याला 'घाटकर' म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट आली तेव्हा वर्षभर रुसले होते. पडद्यावर आकडा येतो, भोक कुठं हाय, असा त्यांचा सवाल. गुण दशांशात मोजायला लागल्यावर तर भांडलेच; साध्या दहाला दहा आणि मधोमध लागलेल्या दहाला १०.९ म्हणजे देवळात रांग लावल्यागत झालं, म्हणाले. माझ्या मते ते चुकत होते. दशांशामुळेच फायनल बघण्यासारखी झाली. पण हे त्यांना कुणी पटवावं?

वहिनींनी ड्रॉवरमधून मूठभर पितळी खुंट्या काढल्या. बरोबर १०.४ मिलिमीटर व्यासाच्या, लेथवर काढलेल्या. पन्नास मीटरवरच्या रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ एवढं असतं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोराला अण्णा एक खुंटी द्यायचे, 'खिशात ठेव, बोटाला सवय होऊ दे.' दहा मीटरच्या एअर रायफलवाल्यांना खुंटी नाही मिळायची. त्यांचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्यांना पेन्सिलीतली पॉइंट फाइव्हची शीस मिळायची.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० च्या ऑगस्टमध्ये म्युनिचला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढ्यांबरोबर खुंट्या वाटल्या होत्या. ५९७ गुण, जागतिक विक्रमाशी बरोबरी. साठ गोळ्यांत तीन गुण गेले. गल्लीतल्या बायकांना त्या खुंटीचं काय करायचं कळेना. एकीनं ती अजून कडीत घातलीय, असं वहिनी म्हणाल्या.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर नाव नव्हतं. आद्याक्षरंही नाहीत. 'डावा हात. डावा डोळा. वय ११. बट २९०. मान लांब. घाई नाही.' एवढंच.

आणि कोपऱ्यातल्या शिकंजात एक अर्धवट कोरलेला स्टॉक होता. चीकपीसचा फुगवटा उजवीकडे, तळव्याची बैठक डाव्या हाताची. जुन्या वाड्याच्या दाराच्या चौकटीचं सागवान. अण्णांना अक्रोडाचं लाकूड परवडायचं नाही आणि नवं लाकूड पटायचं नाही. पोरीनं मोजपट्टी लावली, बटची लांबी दोनशे नव्वद. म्हणजे ते ही रायफल त्या डावऱ्या पोरासाठी बसवत होते. दांडी उजवीकडेच राहणार होती, पण निदान गाल आणि मनगट आपापल्या जागी आले असते.

"मग झालं की," वहिनी म्हणाल्या. "जेच्या मापाची तेला द्या." ते कुणाचं माप, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. अण्णा बोलावलं तिथे जायचे. शाळांची शिबिरं, तालमीच्या माडीवरची रेंज, कुणाच्या शेतातलं शेड.

संध्याकाळी दुधाळीच्या रेंजवर गेलो. शनिवार, पोरांची गर्दी. शिकवणाऱ्यांनी डावखुऱ्या पोरांची नावं सांगितली, पण सगळी सोळा-सतराची. तरी पोरीनं एकाचा हात मोजला. उगाच.

रविवार : राधानगरीच्या वाटेवर

अण्णांच्या शिबिरांपैकी एक राधानगरी तालुक्यातल्या शाळेत झालं होतं, एवढा धागा वहिनींना आठवला. निघालो. दुतर्फा ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. पोरीला कांबळवाडीला जायचंच होतं, स्वप्नील कुसाळेचं गाव म्हणून. गाव म्हणजे चार गल्ल्या, गोठे, उन्हात वाळत घातलेलं धान्य. आम्ही गाडीतून उतरलो, एका आजींनी 'पावण्या कुणाकडं?' म्हणून विचारलं, आणि गाव बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी घराचा रस्ता न विचारता दाखवून टाकला. सवय झाली असणार. आम्ही घरात गेलो नाही. लोकांच्या घरी असं जाऊ नये, असं माझं मत आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नीलनं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, मग प्रोन, मग स्टँडिंग म्हणजे उभ्यानं) कांस्य मिळवलं. ऑलिंपिक पॅरिसचं, पण नेमबाजी तिथून दूर शातोरूला होती. त्या दिवशी मी वर्कशॉपवर होते, माझा हँडस्टॉप घेऊन. लेथ बंद, मोबाईल कटिंग ऑइलच्या डब्याला टेकवून ठेवलेला. नीलिंगनंतर स्वप्नील सहावा. प्रोननंतर पाचवा. स्टँडिंग सुरू झालं तसं अण्णांनी मोबाईलकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. "आकडा सांग फकस्त." मी आकडे सांगत गेले. उभ्यानं मारायचं म्हणजे सगळ्यात डगमगतं. पोटावर झोपून मिळालेली स्थिरता तिथे कामाची नसते, हाडांवर हाड रचून उभं राहायचं आणि रायफल जी हलते ती हलू द्यायची. चौथा मागे पडून बाहेर गेला तेव्हा मी ओरडले. अण्णा वळले, शेवटी आलेला ४५१.४ हा आकडा बघितला आणि विचारलं, "नीलिंग रोलमधी काय भरलं असंल त्यानं?"

हा त्यांचा जुना छंद. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली जो गोल तक्क्या घेतात त्यात काय भरायचं. भुसा दबतो, वाळू जड होते. अण्णांनी राधानगरीच्या भाताचं तूस भरून बघितलं होतं, ते त्यांना सर्वात पसंत. नियमात बसतं, वजन नाही आणि भिजलं तर वाळवता येतं. माझा रोल अजून तुसाचाच आहे.

शाळा सापडली. रविवार असूनही खेळाचे मास्तर आले, चहा सांगितला. वर्गाच्या मागच्या पडवीत दहा मीटर मोजून रेंज केलेली, पत्र्याचे छर्रे-अडव, कागदी टार्गेट दोरीवर मागेपुढे करायची चकती. चकती अण्णांची, हे बघताक्षणी कळलं: शिवणयंत्राचं चाक. रायफली देशी बनावटीच्या, स्प्रिंगच्या, ज्यांचं चामड्याचं वॉशर वर्षातून दोनदा बदलावं लागतं. ती वॉशरही अण्णाच कापून द्यायचे, चपलांच्या कामातलं चामडं आणून, आठवडाभर तेलात मुरवून. मास्तरांनी डबा उघडून दाखवला. तीन शिल्लक होती.

डावखुरं पोर? मास्तर विचारात पडले. अण्णांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून पोस्टकार्डाच्या भोकातून खिडकीकडे बघायला लावलं होतं. कुठला डोळा बलवान हे तसंच ओळखतात, दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. त्यात कुणी डावं निघालं का, त्यांना आठवेना. काही मुलं ऊसतोडणीला आलेल्यांची होती, ती हंगाम संपला की जातात. "उद्या वर्गात विचारतो, फोन करतो," म्हणाले.

परतताना काका बोलले नाहीत. राशीभर बोलणारा माणूस, म्हणून विचारलं. म्हणाले, "त्यानं माझंही माप घेतलं होतं. पिस्तुलाच्या ग्रिपचं. वहीत नाहीये." मग रात्री त्यांनी वहिनींकडून वही मागून घेतली आणि उधारीच्या पानांत स्वतःला शोधून काढलं. ग्रिपचे पैसे द्यायचे राहिले होते. तिथल्या तिथे दिले. वहिनींनी घेतले.

सोमवार : आंबा घाट, देवरुख, मावळंगे

पहाटे निघालो. वहिनींना बरोबर चला म्हटलं तर म्हणाल्या, "मी कशाला? फोटू काढून आणा, गावाच्या पाटीसकट. पुरावा पायजे." रायफल त्यांनी आमच्या डिकीत ठेवायला लावली, पेटीसकट. मास्तरांचा फोन आला तर परस्पर द्यायची म्हणून.

मलकापूर मागे पडलं, आंब्याला धुकं. दिल्लीची आठवण निघणारच होती. तुघलकाबादची रेंज, १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली, बिकानेरच्या करणी सिंगांचं नाव दिलेली. डिसेंबरात सकाळच्या पाळीत पन्नास मीटरवरची टार्गेट धुक्यात जायची आणि वाऱ्याच्या झेंड्या तर दिसायच्याच नाहीत. प्रोनवाल्याला झेंडी म्हणजे अर्धा डोळा. वारा बदलला की गोळी दहाच्या बाहेर जाते, मग सायटिंगचा स्क्रू फिरवायचा की थांबायचं, हा जुगार. अण्णा थांबणारे. घड्याळ चाललेलं, बाकीचे मारतायत, आणि हे रायफल खाली ठेवून पालथे पडलेले, हनुवटी मुठीवर. एकदा इतके थांबले की शेवटच्या काही गोळ्या घाईत गेल्या आणि वर्ष गेलं. कुणी हळहळलं तर म्हणाले, "वारा माझा नोकर हाय व्हय?"

त्यांच्या आद्याक्षरहीन पानावरचा 'घाई नाही' हा शेरा मला म्हणून महत्त्वाचा वाटत होता. वहीत इतर कुणालाही तो मिळालेला नाही. मी सगळी पानं बघितली.

घाटात गायमुखाला थांबलो, माकडांनी पोरीचं बिस्किट पळवलं. खाली साखरप्याला उजवीकडे वळून देवरुख. हवा एकदम बदलते, अंगाला चिकटते. देवरुखात मिसळ खाल्ली. कोल्हापूरकरांना दुखवायचं नाही, पण बरी होती.

मावळंग्याचा रस्ता विचारत विचारत गेलो. जांभ्याचे गडगे, आंब्याला मोहोर, कौलांवर वाळत टाकलेली पोफळाची झावळं. पाटीपाशी गाडी थांबवली. पोरीनं काकांना आणि मला पाटीच्या दोन बाजूंना उभं केलं. काकांनी नकळत एक हात खिशात घातला आणि अंग आडवं वळवलं, पिस्तूलवाले उभे राहतात तसं. मग पोरीचा फोटो मी काढला. अण्णांनी मागितलेला एक नग तयार झाला, खरं तर तीन.

एका अंगणात सुपारी सोलत बसलेले आजोबा होते. त्यांनी पाणी दिलं, मग कोकम दिलं, मग कुठले, कशाला, असं रीतसर विचारलं. मावळणकर माहीत होते. "ते सभापती. अहमदाबादला गेलेले. गांधीजींचे." नेमबाजीचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, की देशाच्या रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष तेच होते आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेत दरवर्षी देशभरची पोरं खेळतात. आजोबा हसले. "गांधीजींचा माणूस नि बंदुकीचा अध्यक्ष?" मलाही यात नेहमी गंमत वाटत आलीय. गांधींबरोबर लढ्यात उतरलेला, तुरुंगात गेलेला वकील, आणि स्वातंत्र्याला चार वर्षं होत नाहीत तोवर नागरिकांना नेम धरायला शिकवणाऱ्या संघटनेच्या डोक्यावर. पण सभापतीच्या कामात आणि यात एक साम्य आहे, असं काकांचं म्हणणं: दोन्हीकडे 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. रेंजवर स्टॉपची आज्ञा झाली की ट्रिगरवर आलेलं बोटही मागे घ्यावं लागतं. लोकसभेत काय होतं ते आपण बघतोच.

"बंदूक आहे आमच्याकडे पण," आजोबा म्हणाले. "डुकरांसाठी. भात ठेवत नाहीत. पण निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, झाली की परत आणा. डुकरांना आचारसंहिता नाही." पोरगी इतकी हसली की कोकम सांडलं.

"तुमचे ते अण्णा कोण मावळणकरांचे? नातेवाईक?"

"फिटर होते," काका म्हणाले.

आजोबांना ते पुरलं. त्यांनी जाताना शेर-दोन शेर सुपारी बांधून दिली, वहिनींसाठी.

गावात मोबाईलला रेंज नव्हती. देवरुखच्या अलीकडे चढावर आल्यावर पोरीचा फोन वाजायला लागला, मास्तरांचे चार मिस्ड कॉल. गाडी बाजूला घेतली. मास्तरांनी सकाळी वर्गात पोस्टकार्ड फिरवलं होतं. डावी दोन निघाली. एक सहावीतली मुलगी, बारावं लागलेली. दुसरा तिच्याच मागच्या बाकावरचा मुलगा, अकराचा, तोडणीवाल्यांचा, मार्चअखेरीपर्यंत इथे. अण्णांनी आपलं माप घेतलं होतं असं दोघंही सांगतात. मान कुणाची लांब, ते मास्तरांना ठरवता येईना.

वहिनींना फोन लावला. आधी फोटो पोचले का विचारलं. पोचले होते. "तुमी तिघंबी हडकलायसा," म्हणाल्या. मग दोन पोरांचं सांगितलं. त्यांनी पलीकडे कामगाराला काहीतरी विचारलं, लेथ थांबल्याचं ऐकू आलं.

"दोघांचीबी मापं घेऊन या," वहिनी म्हणाल्या. "चौकटीची एक बाजूच कापलीया. दुसरी हाय माळ्यावर. रायफलीचं मागनं बगू."

चिपळूणमार्गे पुण्याला परतायचं ठरलं होतं. पोरीनं गाडी वळवली आणि पुन्हा साखरप्याची वाट धरली. काकांनी घरी फोन लावून मंगळवारचं जेवण नको म्हणून सांगितलं. मग क्षणभर थांबून, बुधवारचंही.